मोराचं जाळं

करडीच्या तलावात मासे धरणाऱ्या मंगरू ढिवराला अक्षर कळत नसे, गाठ कळत असे.

त्र्याहत्तर साली आंधळगावच्या बाजारात त्याने नत्थूकडची भजी खाल्ली आणि हातातल्या तेलकट कागदाकडे पाहत तो थिजला. कागदावर दोन हात काढले होते. हातांत दोरा आणि दोऱ्याला त्याच्या आज्याने शिकवलेला फास! नत्थूच्या मांडीखाली अख्खं पुस्तकच होतं, कोण्या साहेबाच्या रद्दीतलं. मंगरूने विकायला आणलेला मोठा मरळ मासा त्याच्यापुढे आपटला.

"हा घे. आता एक जरी पान फाडलं त पाहून घे!"

घरी पुस्तक धुतल्या धोतरात बांधून आढ्याला टांगलं गेलं. त्यातला कडुनिंबाचा पाला दर महिन्याला बदले. मंगरूची बंडी दिवाळीला बदले. पुढच्या सहा वर्षांत रद्दीवाल्यांच्या मागे फिरून त्याने अशी आणखी दोन पुस्तकं मिळवली. एकात नुसते भरतकामाचे टाके होते. ते त्याला फारसे पटले नाहीत, पण सुई-दोऱ्याच्या जातीचं म्हणून त्यालाही आढ्यावर जागा मिळाली.

शाळेतल्या केवळराम गुरुजींनी एकदा पहिलं पुस्तक चाळलं आणि ते पोट धरून हसले. "मंगरू, हे मडमांचं विणकाम आहे. शंभर वर्षांपूर्वीचं. हे टेबलावर टाकतात."

"टेबलावर टाका नाई त तलावात टाका, गुरुजी. फास तो फासच."

पुस्तकात पाहून मासे धरायचं जाळं विणणार, असं मंगरूने सांगितलं आणि गावाला हसायला विषय झाला. बायको सखाबाईला मात्र हसू येईना. "शकुनचे बाबा, पुस्तक पाहून कोनी मासे धरते का?"

"पाहशील. या जाळ्यात मासा नाई आला, त तिन्ही पुस्तकं तुह्या चुलीत."

बोलून गेल्यावर त्याने आढ्याकडे पाहिलं. पण चार माणसांनी ऐकलं होतं.

हिवाळाभर तो जाळं विणत बसला. मधोमध पुस्तकातला मोर, पिसाऱ्यासकट. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सारे ढिवर एकाच दिवशी तलावात उतरत. त्या दिवशी मंगरूचं जाळं हवेत उघडलं, तेव्हा काठावरच्या बायासुद्धा बोलायच्या थांबल्या. ओढलं तेव्हा मोराच्या पोटाला घागरीएवढं भोक पडलं होतं. जाळ्यात एक झिंगाही नव्हता.

"मंगरूभाऊ," डोमा पाण्यातूनच ओरडला, "तुह्या मोरानं सारे मासे खाल्ले का गा?"

घरी सखाबाईने गाठोडं उतरवलं. वरचं पुस्तक उघडून मोराचं पान चिमटीत धरलं. मंगरू भिंतीकडे तोंड करून बसला. कागद फाटल्याचा आवाज काही येईना.

"हे काय जी?" ती म्हणाली. लहानपणापासून तिनेही बापाची जाळी विणली होती. "इथं फासावर फास हाय. तुमी एकच मारला. सरकनारच ना गाठ!"

"कुठी?"

"दिसत नाई का? हे पाहा. अन् हेही."

मंगरूने पान उजेडाकडे धरलं. बराच वेळ त्याचं बोट एकाच गाठीवर फिरत राहिलं.

"म्हंजे पुस्तक खरं हाय?"

"पुस्तक खरं हाय. तुमीच अडानी."

इतकी गोड शिवी त्याला जन्मात कोणी दिली नव्हती. सखाबाईने छपरातून मूठभर भाताचं तणस ओढलं आणि चूल पेटवली.