पावट्याचा अंदाज

वडगाव मावळच्या बाजारात पावट्याच्या शेंगा विकणाऱ्या एक मावशी बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. शेंग चुरडून, डोळे मिटून हुंगल्याशिवाय त्या थंडीबद्दल बोलत नाहीत.

परवा लोणावळ्याला निघताना मी त्यांना मोबाईल दाखवला. "मावशी, यात तर आठवडाभर थंडी नाही."

त्यांनी शेंग माझ्या नाकाशी धरली. "दव पडल्याबिगर असा वास येत न्हाई, दादा. उद्या वर डोंगरात गार वारं, हितं खोऱ्यात धुकं. स्वेटर घ्या."

मी हसून नुसत्या शर्टावर गेलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कुडकुडलो. सकाळी वडगावला उतरलो, तर बाजार धुक्यात बुडालेला. मावशी दिसेनात. मग मी वासाच्या मागे चालत गेलो आणि थेट त्यांच्या पाटीपाशी पोचलो.