शबानाच्या लॉगिनवरचा अर्धा तास

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते — पण रडत-बिडत सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते. तो माझा स्वभाव नाही.

आमच्या दवाखान्याच्या सोनोग्राफी काउंटरवर माझ्याइतकं फास्ट कुणी नव्हतं. आजही नाही. पडेगावच्या शेतकऱ्याची लेक मी, पण कीबोर्डवर बोटं अशी चालायची की स्क्रीनकडं बघायची गरजच नाही. पेशंटच्या तोंडाकडं बघायचं, "कुठून आलात, मावशी?" म्हणायचं, तोवर तारीख-वेळ टाकून मोकळी! मोठे डॉक्टर नव्या पोरींना माझ्यामागं उभं करून काम दाखवायचे. गर्व होता का? होता की. का नसावा?

मग सॉफ्टवेअर बदललं. स्क्रीन पांढरीफटक, मोठमोठी चित्रं, आणि एक बटण जागेवर असेल तर शपथ! शनिवारी ट्रेनिंग ठेवलं. शेवटी परीक्षा — ती पास झालं तरच आपलं लॉगिन चालू. मी मागं बसले आणि अर्ध्यातूनच उठून आले. आठ वर्षं काउंटर सांभाळलेल्या बाईला पुण्याहून आलेला माणूस काउंटर शिकवणार? व्हय, असंच म्हणाले मी.

म्हणजे माझं लॉगिन बंद. पण हे कुणाला सांगायचं — आणि कोणत्या तोंडानं?

शेजारच्या खुर्चीत शबाना. माझ्याच वयाची, पण लई हळू, अक्षर न् अक्षर वाचून बटण दाबणारी. मी तिला सगळ्यांसमोर 'बैलगाडी' म्हणायचे, ती हसायची. ती परीक्षा पास झाली होती. आमच्याकडं जुनी रीतच होती, मॅनेजर साहेबांना ठाऊक नसलेली — एकाचं लॉगिन उघडं ठेवायचं, जो मोकळा असेल त्यानं बसायचं. जेवायला उठताना ती म्हणायची, "ताई, खुला है, बैठो." मी बसायचे.

त्या दिवशीही बसले. एरवी त्या वेळेला काउंटरवर कुणी नसायचं; त्या दिवशी अर्ध्या तासात सात बायका. डॉक्टरांनी पाठवलेलं नाव उघडायचं, उद्याची वेळ टाकायची, सेव्ह करायचं. बोटं जुन्या जागी गेली, खाली उजवीकडं. तिथं आता 'रद्द' होतं. स्क्रीन दरवेळी काहीतरी विचारत होती, मी न वाचता 'हो' दाबत होते. आणि तोंडानं सांगत होते — उद्या उपाशीपोटी या.

सातही आल्या. यादीत एकीचंही नाव नाही. सिल्लोडहून पहिल्या एसटीनं आलेली एक बाई पोट धरून दुपारपर्यंत बाकावर बसून होती. तिच्याकडं बघताना मला कळलं की हे माझ्या बोटांनी केलंय. कळलं होतं मला, अगदी स्वच्छ.

साहेबांनी कॉम्प्युटरवर शोधलं. सातही नावं शबानाच्या लॉगिनवरून रद्द. तिला सगळ्यांसमोर उभं केलं. ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "ताई, मी जेवायला गेले तेव्हा तुम्ही बसला होतात ना?"

आणि मी — इतके दिवस जे लाजेनं लपवलं होतं तेच पुढं केलं. म्हणाले, "मी? साहेब, मी परीक्षाच दिलेली नाही. माझं लॉगिनच बंद, मी कशी बसेन?" साहेबांना पटलं. किती पटकन सुचलं मला! क्षणभर तर स्वतःचंच कौतुक वाटलं — काय बाई आहे मी.

शबानाला खालच्या मजल्यावर जुन्या फायलींत टाकलं. मी आठवडाभर त्या स्क्रीनशी भिडले, परीक्षा दिली, पहिली आले. आज सगळ्या काउंटरांना मीच शिकवते, आणि चांगलं शिकवते. त्याचा अभिमान आहे मला, तो खोटा नाही. पोरींना सांगते, आधी वाचा, मग दाबा.

परवा साहेबांनी बोलावलं. शबानानं परत काउंटर मागणारा अर्ज दिला होता. तो माझ्यापुढं सरकवून साहेब म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं करू. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणाले, "हळू आहे, साहेब."

साहेबांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला.