चैत्रातल्या तळ्यातले मासे

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही डोळ्यांसमोरून हलत नाही ती फिर्याद माशांच्या पोटातल्या जंतांची.

भूकंपानंतरची वर्षं. लातुरात क्लासच्या पाट्या इतक्या झाल्या होत्या की विजेचे खांब त्यांच्याच आधारानं उभे असत. प्राणिशास्त्राच्या एक प्राध्यापिका माझ्या पोलीस ठाण्यात आल्या. पीएचडीसाठी नांदेडकडच्या धरणातले कटला मासे वर्षभर दरमहा चिरून त्यांनी आतड्यातले जंत मोजले होते. तो शोधनिबंध एका जुन्या सहकाऱ्याला विश्वासानं वाचायला दिला. सहकारी आता जीवशास्त्राच्या क्लासचा बडा सर. त्यानं तो स्वतःच्या नावानं एका नियतकालिकात छापला. धरणाऐवजी फक्त जळकोटकडचं एक तळं घातलं. अंकावर तारीख बाईंच्या पीएचडीच्या दोन वर्षं आधीची, म्हणजे चोर ठरल्या बाईच! विद्यापीठानं आठ दिवसांत खुलासा मागितला होता, नाहीतर पीएचडी रद्द.

“साहेब, पीएचडीची पाचही वर्षं माझ्या हातांचा मासळीचा वास गेला नाही,” बाई म्हणाल्या. “घरात माझ्या हातचं कुणी जेवत नव्हतं.”

हवालदार कुजबुजला, “साहेब, जंत कोणत्या कलमात बसवू?”

“बनावट दस्तऐवजाच्या. लिही.”

तिसऱ्या दिवशी क्लासच्या प्रश्नपत्रिका छापणारे एक वयस्कर चाचा आले. चहा अर्धाच ठेवून म्हणाले, “साब, तो अंक मीच छापला, मागच्याच महिन्यात. सर म्हणले, तारीख मागची टाका. पन जबाबात माझं नाव नको. सगळं काम त्यांच्याच क्लासचं हाय.”

खबर पक्की, पण साक्षीला कुणी नाही. मग मीच तो अंक अकरा वेळा वाचला. इंग्रजी निम्मं कळलं, महिनावार माशांचा तक्ता पुरता कळला. सातव्या दिवशी सरांना बोलावलं. ते अत्तर लावून आले.

“शोधनिबंध हा पोलिसांचा विषय न्हाई, साहेब.”

“खरंय. मासे स्वतः पकडले?”

“हाव. बाराही महिने.”

“एप्रिलमध्ये किती?”

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “वीस.”

“याच तळ्यातले?”

“याच.”

मी टेबलावर असा हात आपटला की भूकंपात टिकलेली भिंतसुद्धा दचकली. “सर, चैत्रात त्या तळ्यात थेंब नसतो. तळ्यातच जत्रा भरते. मधोमध तंबू ठोकून तीन वर्षं बंदोबस्त केलाय मी! तुमचे वीस मासे काय आकाशपाळण्यात बसले होते?”

सरांनी रुमाल काढला. “थोडं पाणी मिळंल?”

“त्या तळ्यातलं चालेल?”

पाण्याआधीच कबुली आली. क्लासच्या जाहिरातीत फोटोखाली त्यांना ‘संशोधक’ लिहायचं होतं. प्रेसचं नाव त्यांनी स्वतःच सांगितलं, तेव्हा चाचांनीही जबाब दिला. पंचनामा झाला, उरलेले अंक जप्त केले. आठव्या दिवशी सकाळी मी अहवाल विद्यापीठात स्वतः नेऊन दिला. बाईंची पीएचडी वाचली.

सरांनी धरणाचं नाव बदललं, महिन्यांकडे पाहिलंही नाही. जो तळ्यावर गेलेलाच नाही, त्याला ते कधी आटतं हे कसं कळणार? त्यानंतर मी कोणत्याही संशयिताला ‘का केलं’ हे आधी विचारलं नाही. ‘तिथं काय पाहिलं’ हे विचारलं.

पुढे बाईंचा निबंध रीतसर छापून आला. शेवटी आभारांत एक ओळ होती: ‘तळ्याच्या माहितीबद्दल स्थानिक पोलीस ठाणे.’ तो अंक मी पदकांशेजारी ठेवलाय. पाहुण्यांना सांगतो, जंतांवर माझंही संशोधन आहे. बाई समोर असल्या, तर निम्मंच सांगतो.