गालिचेकाकांच्या दारातल्या कुत्र्याच्या छत्र्या

गालिचेकाकांचं हे नाव त्यांच्या कामामुळे पडलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या अंगणात लॉन लावलं, आणि त्यांचा हात फिरला की गवत गालिच्यासारखं पसरायचं. कुणाच्या लॉनमध्ये कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या की घाबरून फोन यांनाच. काका जायचे, उकिडवे बसायचे, एक छत्री उपटून तिच्या बुडाचे पांढरे, कापसासारखे धागे दाखवायचे. "घाबरू नका हो. खाली जुनं लाकूड कुजतंय, हे धागे ते खातायत. लाकूड संपलं की छत्र्याही संपतील. फक्त तोंडात घालू नका म्हणजे झालं!"

अशा माणसाच्या स्वतःच्या दारात एका सोमवारी छत्र्या उगवल्या. काकांनी इकडेतिकडे बघून सगळ्या बुटाच्या टोकाने उडवल्या. मंगळवारी त्या दुपटीने हजर!

"पाणी जास्त झालं," काका म्हणाले.

"दुसऱ्याच्या घरी लाकूड आणि आपल्या घरी पाणी?" काकूंनी खिडकीतून विचारलं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

"आपल्याकडे कुठलं आलंय लाकूड? ते झाड तर मी मुळासकट..."

आणि काका मध्येच थांबले.

त्या जागी एक डेरेदार झाड होतं. त्यांची मुलगी शाळेतून आली की दप्तरासकट त्याच्या बेचक्यात जाऊन बसायची, म्हणून घरात तिचं नाव खार. पण सावलीत गवत धरेना, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला काकांना दारात नमुनेदार लॉन हवं होतं. खार नऊ वर्षांची असताना, ती शाळेत गेलेली बघून त्यांनी झाड पाडलं. ती रडली तेव्हा म्हणाले, "मुळासकट काढलंय. आता विसर."

ते धडधडीत खोटं होतं. दोन दिवस मुळांशी झुंजून त्यांनी हात टेकले होते. बुंधा जमिनीखाली वीतभर कापला, वर माती लोटली आणि गवत लावलं. पण "मुळासकट" हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की शेवटी त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं.

खारीने त्यानंतर त्या लॉनवर पाऊल टाकलं नाही. आता ती चोवीस वर्षांची, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करते. भेटायला आली की फाटकापासून भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघराच्या दाराशी जाते. भांडण नाही, अबोला नाही. पण सारी आळी ज्या लॉनचं तोंडभर कौतुक करायची, त्याबद्दल ती चकार शब्द काढायची नाही. पंधरा वर्षं काकांना ते सलत होतं.

त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. छत्र्या वाटेल तशा उगवल्या नव्हत्या. मध्ये एक दाट घोळका, आणि तिथून तीन रांगा: एक भिंतीकडे, एक नळाकडे, एक खिडकीखाली. या रांगा काकांच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. याच मुळांनी त्यांच्या हाताला फोड आणले होते! खुरपं घेऊन ते गुडघ्यावर बसले. वीतभर खाली भुसभुशीत तपकिरी लाकूड लागलं, आणि त्यात पांढऱ्या धाग्यांचं जाळं.

"अगं, बाहेर ये! आहे! अजून आहे!" एका पायात चप्पल, एका पायात नाही, असे काका अंगणभर नाचत होते. त्यांनी लेकीला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये!"

"बाबा, मी लिफ्टच्या टपावर उभी आहे."

"मग उतर आणि ये!"

फोन ठेवल्यावर त्यांचं नाचणं थांबलं. आनंदाची बातमी खरी, पण ती द्यायची तर आधी खोटं कबूल करावं लागणार होतं.

ती आली ती नेहमीसारखीच, भिंतीच्या कडेने. काकांनी तिला तिथेच अडवलं.

"मी खोटं बोललो होतो, खारे. मुळं काढलीच नव्हती. दमलो, आणि तू सारखं विचारशील म्हणून तसं सांगितलं. झाड तोडलं तेही तुझ्या पाठीमागे. चुकलं माझं. पण बघ, ती मुळं कुठे कुठे गेली होती ते या छत्र्या दाखवतायत."

तिने भिंतीपाशी उभ्या उभ्याच त्या तिन्ही रांगांवरून नजर फिरवली.

"तुम्ही मुळासकट म्हणालात ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, खाली मोठा खड्डा आहे. वर नुसतं गवत. पाय ठेवला की आत जाईन. मोठी झाल्यावर कळलं हो, असा खड्डा नसतो ते, पण पाय काही उचलला नाही."

इतकी वर्षं काका हा लेकीचा राग समजत होते, आणि ती भीती होती.

खारीने जाडजूड बूट काढले, मोजेही काढले. छत्र्या चुकवत, एकेक पाऊल दाबून बघत ती मधल्या घोळक्यापाशी गेली. बुंधा होता तिथे तिने दोन उड्या मारल्या. मग मान वर करून ती हसली.

"बाबा," ती ओरडली, "गवत किती मऊ आहे हो तुमचं!"