आक्काच्या पेशी

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी बेळगावात पॅथॉलॉजी शिकत होते. थोरली बहीण, आक्का, शहापुरात विणकराच्या घरी दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं आणि त्या वर्षी तिची पाळी थांबेचना. मागावर बसायचंही त्राण उरलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी क्युरेटिंग करून गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा आमच्याकडे तपासायला पाठवला. सरांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर ग्रंथी नुसत्या दाटल्या होत्या, एकीत एक घुसलेल्या, काही फुग्यासारख्या टरारलेल्या. कॅन्सर नव्हता. "हार्मोनच्या गोळ्या देऊन बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाहीतर पिशवी काढावी लागेल."

काही महिन्यांच्या गोळ्यांनी रक्तस्राव थांबला. पुन्हा तुकडा आला. मी काच लावली आणि बघतच राहिले. ग्रंथी आक्रसून बारीक झाल्या होत्या. त्यांच्या मधल्या पेशी मात्र मोठ्या, फिकट, ऐसपैस पसरलेल्या. गर्भार बाईच्या अस्तरात असतात अगदी तशा. खिडकीतलं ऊन टेबलावर सरकत होतं आणि मला वाटलं, पहाटेच्या धुक्यातलं एखादं शांत गाव मी वरून बघते आहे.

रिपोर्ट न्यायला आक्का स्वतः आली. म्हणाली, "मला दाव की गं, माझ्या आतलं."

सर जेवायला गेले होते. मी तिला स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून ती किती तरी वेळ बघत राहिली.

"लई निवांत दिसतंय गं. ह्या मोठ्या मोठ्या कसल्या?"

खोटं बोलवेना. "गोळ्यांमुळं अस्तराला वाटतंय, बाळ येणार हाय. म्हणून पेशी अशा होतात."

तिनं भिंगावरचा डोळा हलवला नाही. हळूच म्हणाली, "म्हंजे आतनं तरी माझी तयारी झालती."

"व्हय आक्का."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती हसली, अगदी लहानपणी हसायची तशी, आणि पुन्हा वाकून बघू लागली.

पिशवी काढावी लागली नाही. मूलही झालं नाही. दिवाळीपर्यंत आक्का मागावर बसू लागली. मी तिच्याकडे गेले की शेजारणींना सांगायची, "हिनं मला माझी कूस दावलीया."