नकाशेवाल्यांच्या मुलीची खाट

बावीस वर्षं लिफ्ट चालवलेल्या माणसाला लोकांच्या पाठी तेवढ्या ओळखता येतात. सात मजल्यांच्या त्या कचेरीत माणसं आत शिरायची, मजल्याचा आकडा सांगायची आणि दाराकडे तोंड करून उभी राहायची. त्याच्यादेखत लग्नं ठरली, मोडली, साहेबांच्या नावाने बोटं मोडून झाली; पण तो तिथे आहे हे कुणाच्या गावीही नसायचं. एकदा न राहवून तो म्हणाला, आज उकडतंय फार. आतले चारही जण एकदम गप्प झाले, जणू लिफ्टच बोलायला लागली होती. ती शरम त्याने बायकोलाही कधी सांगितली नाही.

मग बटणं दाबून चालणारी नवी लिफ्ट आली आणि तो घरी बसला. बायकोच्या ओळखीने त्याला नकाशेवाल्यांच्या बंगल्यात राखणदाराची नोकरी लागली. हे नकाशेवाले म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वीचे एक गृहस्थ. उभी हयात जमिनी मोजण्यात आणि नकाशे काढण्यात गेली. बदली झाली तेव्हा सामानासकट बंगला विकून ते निघून गेले, आणि पुढे एका संस्थेने त्याचं संग्रहालय केलं. वर त्यांची टेबलं, दुर्बिणी, शाईच्या दौती. खाली झोपायच्या खोल्या. मागे त्यांनीच काढलेल्या नकाशाबरहुकूम पुन्हा उभी केलेली बाग, विटांच्या पायवाटा, भाजीचे वाफे आणि हातपंप यांच्यासकट. नोकरी नवी, पण नाव जुनंच चिकटलं. सगळे त्याला लिफ्टमनच म्हणत.

खालच्या एका खोलीत एक लहान खाट होती. यादीत तिच्यापुढे ‘खाट, शिसवी, लहान, एक’ एवढंच. एक दिवस बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, कुणाची ही? लिफ्टमनला कुठे ठाऊक होतं! पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे तोंड करून काही विचारत होतं, आणि ‘माहीत नाही’ म्हणायला त्याची जीभ रेटेना. तो म्हणाला, मुलीची. मग मुलीचं काय झालं? तापाने गेली, सात वर्षांची असताना. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं! त्या दिवशी घरी तो दोन घास जास्त जेवला.

पुढे गोष्टीला हातपाय फुटले. ताप नऊ दिवसांचा झाला, मुलगी एकुलती एक झाली. वडिलांनी महिनाभर लेखणीला हात लावला नाही. माणसं वरच्या दुर्बिणी सोडून खाटेपाशी गर्दी करू लागली आणि लिफ्टमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायको म्हणायची, घरी दोन शब्द बोलायला जिवावर येतं आणि तिथे म्हणे भाषणं ठोकता. संस्थेच्या व्यवस्थापक बाईंनी ती गोष्ट छापील पत्रकात घातली. नकाशेवाल्यांच्या वारसांचा शोध चालला होता, तोही थांबला. एकुलती मुलगी लहानपणीच वारली म्हटल्यावर शोधायचं कुणाला? एवढ्यावरही भागलं नाही. तिची आठवण म्हणून बागेत कुंपणापाशी पांढऱ्या गुलाबांचा वाफा झाला आणि तिथे एक बाक आला. लिफ्टमनला मधूनमधून टोचायचं. पण आता चार वर्षं झाली होती, आणि गोष्ट मागे घ्यायची म्हणजे पुन्हा त्या लिफ्टमध्ये जाऊन उभं राहायचं, असं त्याला वाटे.

तर अशाच एका गुरुवारी सकाळच्या पहिल्या तुकडीत काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच. सगळ्यांच्या मागे उभं राहून त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. लिफ्टमनचा आवाजही त्या दिवशी चांगला लागला होता. बाकीचे डोळे पुसत जिन्याकडे गेले, त्या मात्र खाटेपाशीच थांबल्या.

“ताप किती दिवस होता म्हणालात?”

“नऊ, बाई.”

“आणि मग मी गेले.”

म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात म्हणून तो हसला. बाईंनी पिशवीतून पत्रक काढलं. “शेजाऱ्यांनी आणून दिलं हे. म्हटलं, मी कशाने गेले ते तरी ऐकून यावं.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. लिफ्टमनने सारवासारव करून पाहिली, जुनी माणसं असं सांगायची, ऐकीव आहे सगळं. कोण जुनी माणसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “मीच रचली.”

बाई भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. सातव्या वर्षी त्या बागेतल्या पेरूवरून पडल्या आणि हात मोडला. तेव्हा त्या वर झोपायच्या; जिना चढायला नको म्हणून ही खाट खाली आणली. ठणका असा, की पहिल्या तीन रात्री आई उशाशी बसून होती, त्यांचा बरा हात हातात धरून. घरात मुलांचं एक पुस्तक नव्हतं, म्हणून वडील नकाशावरची नद्यांची नावं वाचून दाखवायचे, झोप लागेपर्यंत. सहा आठवडे त्या इथे होत्या. तेवढे लाड पुन्हा कधी झाले नाहीत.

ऐकता ऐकता लिफ्टमन ओशाळून अर्धा झाला. खरी गोष्ट त्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली होती, आणि ती कुणाला तरी विचारावी असं चार वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. लोकांनी आपलं ऐकावं म्हणून तो झुरत राहिला, आणि स्वतः त्याने कुणाचं ऐकलं होतं?

“आई असती तर तुमच्या कानाखाली वाजवली असती,” बाई उठत म्हणाल्या. “चला, तो पेरू दाखवा. वडिलांच्या नकाशात आहे तो.”

बागेतून लिफ्टमन रेंगाळत चालला. हातपंप मागे पडला, भाजीचे वाफे मागे पडले. कुंपणापाशी पोहोचल्यावर बाई काठी टेकून इकडेतिकडे बघू लागल्या.

“तोडला, बाई,” तो खालच्या मानेने म्हणाला. “हे गुलाब लावायला. तुमच्या आठवणीचे.”

इतका वेळ शांत असलेला त्यांचा चेहरा पडला. त्या बाकावर बसल्या. लिफ्टमन हात जोडून उभा राहिला. म्हणाला, आजच व्यवस्थापक बाईंना सगळं सांगतो, पत्रक बदलायला लावतो, चारचौघांत कबूल करतो, नोकरी गेली तरी जाऊ दे. सगळ्यांनी आपल्याला फाडून खावं असंच त्याला त्या क्षणी वाटत होतं, म्हणजे एकदाचं सुटता तरी येईल.

“सांगाच,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पायवाटेवरून तिशीतली एक बाई आली. सहा महिन्यांपूर्वी ती गोष्ट ऐकून गेली होती, आणि तेव्हापासून दर गुरुवारी या बाकावर अर्धा तास बसून जायची. तिची मुलगी सहा वर्षांची असताना दवाखान्यात वारली होती. ती येते याचा लिफ्टमनला कालपर्यंत अभिमान वाटायचा. आज तिला पाहून तो बाकापासून मागे सरला.

ती म्हाताऱ्या बाईंकडे बघून ओळख नसतानाही हसली आणि त्यांच्या शेजारी बसली.

“काका, एक विचारू का? कधीचं मनात आहे,” ती लिफ्टमनला म्हणाली. “शेवटी त्या मुलीला फार त्रास झाला का हो? माझ्या मुलीच्या वेळी मला आत सोडलं नाही.”

लिफ्टमनने म्हाताऱ्या बाईंकडे पाहिलं. खरं बोलावं तर हिचं काय उरणार, आणि खोटं बोलावं तर कुणासमोर?

“नाही झाला,” म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

“तुम्हाला कसं माहीत, आजी?”

“मी याच घरची. तिची आई तीन रात्री उशाशी होती, हात हातात धरून. वडील नद्यांची नावं वाचत होते. ती ऐकता ऐकता डोळा लागला तिचा. आई जवळ असली की दुखणं एवढं कळत नाही.”

“मी तर बाहेर होते.”

“दाराबाहेरच ना? मग जवळच होतीस.”

तरुण बाई बराच वेळ रडली. म्हाताऱ्या बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लिफ्टमनकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग ती डोळे पुसून उठली आणि त्याच्यापाशी आली.

“तुम्ही तिची गोष्ट सांगितली नसती, तर मला बसायलाही जागा नव्हती, काका. फार उपकार झाले.”

लिफ्टमनची मान आणखी खाली गेली. त्याला गहिवरून आलं असं समजून तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला, आणि तो बाजूला करण्याचंही धैर्य त्याला झालं नाही.