विकास लोड होतोय

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरातल्या खणात जुने चार्जर जमतात ना, तसे ते जमतात. कुठला कशाचा ते कळत नाही, आणि फेकवतही नाही.

मी एका संस्थेत काम करते. तंत्रज्ञानातून गरिबांचा विकास करायचा, असं आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. ऑफिस धाराशिव जिल्ह्यात भूमला, माझं घर शेजारच्या वाशी तालुक्यात. रोज एसटीनं जाते-येते. ऑफिसात तिघंच. जगदाळे सर आमचे प्रमुख, बालाजी मशीन दुरुस्त करतो, आणि मी गावोगाव फिरून लोकांना ती वापरायला शिकवते. पाहुणे जमले की म्हणतात, "ताई, सांगा की एखादा तुमचा किस्सा!" मी सांगते. पोट धरून हसतात. मग मधेच कुणीतरी हसायचं थांबतं.

*

सोजरबाईपासून सुरू करते. बालाघाटाच्या कडेला तिचं गाव. नवरा वारला, मुलगी सासरी. घरात ती आणि तिच्या काळ्याभोर शेळ्या. आम्ही शेळ्यांचा विमा काढून दिला होता. कानात नंबरचा बिल्ला आणि सगळा कारभार मोबाइलवर. शेळी मेली तर ॲपमधूनच फोटो काढायचा, जागा ॲप आपोआप टिपतं. किती सोपं!

एका दुपारी माळावर वीज पडली आणि तिची गाभण शेळी गेली. माळावर रेंज नाही. बाईनं मेलेली शेळी खांद्यावर घेतली, उतार उतरून डांबरी रस्त्यावर आणली आणि मला फोन लावला. मी आणि बालाजी गाडीवर गेलो. फोटो काढला. मृत्यूचं ठिकाण म्हणून इमानदारीत 'माळ' लिहिलं.

ॲप म्हणालं, 'मृत्यूचे ठिकाण व फोटोचे ठिकाण जुळत नाही.'

सरांना फोन केला. सर म्हणाले, "मग शेळी परत वर न्या आणि तिथं फोटो काढा!"

बालाजी ओरडला, "सर, वर रेंज न्हाय म्हणून तर खाली आणलीय!"

शेवटी सरच म्हणाले, की रस्त्यावरच मेली असं लिहा. लिहिलं. ॲपनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, 'रस्ता अपघात असल्यास वाहनाचा क्रमांक द्या.' तो भरल्याशिवाय पुढं जाईना.

सोजरबाई शेळीच्या पोटावर हात ठेवून बसली होती. आमची खटपट बघत होती. तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "लिव्हा की ताई. वरून आली व्हती गाडी. नंबर मला न्हाय दिसला."

तिचं प्रकरण अजून 'प्रलंबित' दाखवतंय.

*

आता दगडूमामाचा. हा वाशीकडचा, माझ्या सासरच्या भावकीतला. आम्ही शेतकऱ्यांसाठी फोनवरचा सल्ला सुरू केला होता. फोन लावायचा, मराठीत बोलायचं, मशीन मराठीत उत्तर देणार. मशीनचा आवाज बाईचा, गोड, एकदम पुस्तकी.

मामानं माझ्यासमोर फोन लावला. "बाई, तुरीवर अळी लई पडलीय. काय मारू?"

"माफ करा. आपण 'तुरुंग' असे म्हणालात का?"

"न्हाय न्हाय! तुरुंगात न्हाय गेलो अजून! तूर! तूर!"

"माफ करा. मला समजले नाही."

मामा माझ्याकडं बघून म्हणाला, "कुठली हाय गं ही बाई? मराठी येत न्हाय व्हय तिला?"

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मशीन बदलता येणार नाही. लोकांना शुद्ध बोलायला शिकवा." मग रोज संध्याकाळी एसटीतून उतरले की मी मामाच्या ओट्यावर बसायची. मामा शाळेतल्या कवितेसारखं पाठ करायचा, "माझ्या तूर या पिकावर अळीचा प्रादुर्भाव झाला आहे." 'प्रादुर्भाव' त्याच्या तोंडात बसता बसेना. कधी 'परादुरभाव', कधी 'प्रभाव'. मामी आतून हसायची. पण गडी हट्टी. पाठ केलंच!

परत फोन लावला. मामा छाती काढून बोलला. आणि मशीनला समजलं! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीन म्हणालं, "धन्यवाद. कृपया आपल्या जवळच्या कृषी केंद्राशी संपर्क साधा."

तोवर शेंगांची चाळण झाली होती. मामा मला बांधावर घेऊन गेला, एक शेंग फोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "माझं बोलणं सुधारलं बघ. तूर गेली."

*

आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हाचा एक छोटासा. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होतो. तिच्या दाखल्यावर उस्मानाबाद, आधार कार्डावर धाराशिव. पोर्टल म्हणे, 'जिल्हा जुळत नाही.' धाराशिव टाकलं तर दाखला चालेना, उस्मानाबाद टाकलं तर कार्ड चालेना. मुदत संपत आलेली. पोरगी रडकुंडीला आली.

बालाजीनं माउस बाजूला ठेवला. "मॅडम, आपण दोन-दोन जिल्ह्यांत राहतोय, आणि एकात बी सापडत न्हाय!"

मुदत गेली. पोरीनं त्या वर्षी कॉलेज सोडलं.

*

भूमचा खवा प्रसिद्ध. रुक्मिणवहिनींच्या बचत गटाचा खवा आम्ही ऑनलाइन विकायला लावला. भट्टीपाशी उभं राहून कढईत घोटणाऱ्या त्या बायकांचे बालाजीनं सुंदर फोटो काढले. पुण्याहून पहिली ऑर्डर आली, तेव्हा वहिनींनी गल्लीत पेढे वाटले. स्वतःच्याच खव्याचे!

कुरिअरवाला काही गावात येत नव्हता. खवा आधी एसटीनं कुरिअरच्या ऑफिसपर्यंत पाठवायचा, तिथून पुढं त्यांच्या गाडीनं. त्यात मे महिना. त्यात रात्रभर लाईट नाही, म्हणून फ्रीज बंद. खवा पोचला, तेव्हा आंबला होता.

काही दिवसांनी वहिनी मोबाइल घेऊन पळत पळत ऑफिसात आल्या. तोंडभर हसू. "ताई, बघा! पुण्याच्या बाईनं चांदणी दिलीय!"

मी बघितलं. पाचांतली एकच चांदणी पिवळी होती.

"पहिल्याच बारीला एक दिली," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या बारीला दोन देतील बघा!"

पुढची ऑर्डर आलीच नाही. वहिनी अजून अधूनमधून फोन उघडून चांदणी वाढली का ते बघतात. मला सांगवत नाही.

*

मुरुमच्या बाजूला, कानडी मुलखाच्या हद्दीवर, एका गावात आम्ही पडद्यावरचा डॉक्टर बसवला होता. म्हणजे ग्रामपंचायतीच्या खोलीत टीव्ही आणि कॅमेरा. मोठ्या शहरातले डॉक्टर तिकडून बघणार, इकडं पेशंटचं भाडं वाचणार. गुरप्पाअण्णा तिथले किराणा दुकानदार. कपाळावर भस्म, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. लई मिश्कील माणूस. त्यांचा खोकला जात नव्हता. छातीचा फोटो, तपासण्या सगळं झालं होतं, आणि त्या दिवशी डॉक्टर निकाल सांगणार होते. शेजारी महादेवीअक्का, त्यांच्या मंडळी, पदर तोंडाला लावून बसलेल्या.

डॉक्टरांनी कागद बघितले, चष्मा काढला. "अण्णा, घाबरू नका. तुम्हाला..."

आणि चित्र थांबलं. डॉक्टरांचं तोंड उघडं, एक हात हवेत.

आम्ही वाट बघितली. बालाजीनं वायर काढून परत लावली. डॉक्टर तसेच. अक्कांनी हळूच विचारलं, "एन आयतु?" म्हणजे, काय झालं?

अण्णांनी पडद्याला हात जोडले. "काय व्हायचं? माझं सांगता सांगता डॉक्टरच गेले बघ!"

सगळी खोली हसली. अण्णा सगळ्यात जास्त हसले, हसता हसता खोकत राहिले. त्या दिवशी लाईन काही परत आली नाही. पुढची वेळ मिळता मिळेना. शेवटी पोरांनी त्यांना सोलापूरला नेलं. काय झालंय ते तिथं कळलं, पण आता उशीर झालाय, हेही तिथंच कळलं.

अण्णा गेल्यावर मी भेटायला गेले. दुकान बंद होतं. अक्कांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी टीव्हीतले डॉक्टर 'घाबरू नका' म्हणले व्हते नव्हं?"

"हो, अक्का."

"मग बरं. तेवढं तरी त्यांच्या कानावर पडलं."

*

आता शेवटचा. हा सांगताना बालाजी उठून बाहेर जातो.

आमच्या संस्थेनं भूममध्ये मुलींसाठी कॉम्प्युटरचं काम आणलं होतं. कापड दुकानाच्या वरचा हॉल. एसी, गुळगुळीत फरशी. तालुक्यात कुठं रेंज असो-नसो, इथली लाईन एक नंबर! काम परदेशातल्या एका कंपनीचं. पडद्यावर फोटो येणार, त्यातल्या वस्तूभोवती चौकट काढायची आणि ती काय आहे ते सांगायचं. हे झाड, हा रस्ता, हे रोगट पान. असे ढीगभर फोटो बघून तिकडचं मशीन शिकणार, असं सगळं.

पूजा त्यातली सगळ्यात हुशार. मेंढपाळाची लेक, बी.ए. झालेली. घरात लग्नाची बोलणी चालू होती, पाहुणे बघून गेले होते. नोकरी लागली तशी तिनं वडिलांना सांगितलं, "आप्पा, आता थांबा थोडं." आणि आप्पा थांबले! पाहुण्यांना नाही म्हणाले. भावकीनं नावं ठेवली, तरी थांबले.

पूजा कामात वाघ. परदेशातले रस्ते बघून मला म्हणायची, "ताई, असला रस्ता म्या उभ्या जन्मात बघितला न्हाय. पण खड्डा असंल तर डोळं झाकून सांगते!"

एकदा आप्पा तिला बघायला आले. मेंढरं गावाबाहेर कुणाच्या तरी भरवशावर सोडून, खांद्यावर घोंगडं तसंच. दारात वहाणा काढल्या आणि काचेतून लेकीकडं बघत राहिले. आत या म्हटलं तर येईनात. खाली उतरल्यावर कापडवाल्या शेठजींना म्हणाले, "आमची पूजा मशीनला शिकवती. मास्तरीण हाय ती!" शेठजींनी चहा पाजला.

पूजाचं पुढं शिकायचं ठरत होतं. दोन मैत्रिणींनीही आपापली लग्नं पुढं ढकलली होती.

मग एके दिवशी सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. समोर मोठा पडदा. कंपनीचे साहेब व्हिडिओवर आले. मराठीच होते, पुण्याकडचे असावेत. फार छान बोलले. म्हणाले, "मुलींनो, तुमचं मनापासून अभिनंदन! तुम्ही इतकं उत्तम काम केलंत, की आपलं मशीन आता पूर्ण तयार झालंय. आता त्याला कुणी सांगावं लागत नाही." त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मुलींनीही वाजवल्या. टाळ्या संपता संपता एकेकीला अर्थ कळत गेला. मागच्या रांगेतल्या टाळ्या आधी थांबल्या.

साहेब म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?"

जगदाळे सर खाली बघत होते. मग पूजा उठली. ओढणी नीट केली आणि माइक हातात घेतला.

"सर, ते आता सगळं ओळखतं का?"

"हो! अगदी सगळं. आणि ते तुमच्यामुळं!"

"मग त्याला विचारून सांगा ना सर, आता आमी काय करावं?"

साहेबांनी पडद्यावर बाजूला कुणाकडं तरी बघितलं. मग कानाला हात लावून म्हणाले, "हॅलो? पूजा, तुमचा आवाज कट होतोय."